तुरीच्या गाठी आणि प्लॅस्टिकचे कण

गेल्या भाद्रपदात बार्शीजवळच्या आमच्या रानात तुरीचे एक रोप मुळासकट काढून पाण्यात खळबळले, तेव्हा मुळांवरच्या गाठींशेजारी मल्चिंग पेपरची, म्हणजे पिकाभोवती जमिनीवर अंथरतात त्या प्लॅस्टिकच्या कागदाची, नखाएवढी चिंधी गुंतलेली दिसली. तीन वर्षांपूर्वी तेथे कलिंगड होते. पेपर सगळा गोळा केला, असे आम्ही समजत होतो.

गाठ नखाने फोडली, तर आतून गुलाबी निघाली. हा रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. ते प्राणवायूला आवरून धरते, कारण हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे गाठीतल्या रायझोबियम गटातील जिवाणूंचे विकर (एन्झाइम) मोकळ्या प्राणवायूत निकामी होते.

उन्हाने ठिसूळ झालेला पेपर नांगरटीत तुटत तुटत 5 मिलिमीटरपेक्षा लहान झाला की त्याला सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात, आणि मग तो वेचणे संपलेच. असे कण मातीतल्या हवापाण्याच्या वाटा बदलू शकतात. त्यांच्या पृष्ठभागावर जिवाणूंची वेगळीच वस्ती जमते. मात्र प्रयोगांतील परिणाम प्लॅस्टिकचा प्रकार, आकार आणि मात्रा यांनुसार कमी-जास्त, कधी परस्परविरोधीही आढळतात, आणि कुंडीत घातलेली मात्रा पुष्कळदा शेतातल्यापेक्षा जास्त असते. म्हणून तुरीचा उतारा घटला की खापर लगेच प्लॅस्टिकवर फोडणे मला पटत नाही. आमच्या काळ्या रानात पाणी साचले तरी गाठींचे काम मंदावतेच.

यंदा पेपर ठिसूळ होण्याआधीच, वेल काढल्याबरोबर गुंडाळला. मातीत दाबलेल्या कडा मात्र खुरप्याने उकराव्या लागल्या आणि दोघांचा अख्खा दिवस त्यातच गेला.