आईला न आठवलेले झबले

आमचे ख्रिस्ती घराणे मूळचे अहमदनगरचे. वडील नोकरीनिमित्त इंदूरला आले आणि येथेच स्थिरावले. त्यामुळे घरातील प्रार्थना मराठीतून आणि रविवारची उपासना हिंदीतून, हे मला लहानपणापासून अंगवळणी पडले आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ साली या शहरात काम सुरू केले, १८८७ साली महाविद्यालयही उभारले. साहजिकच सेवा म्हटले की आम्हांला आधी अशा संस्था आठवतात, आणि त्या आठवाव्यातही. मला मात्र आईच्या झबल्यांविषयी लिहायचे आहे.

आई जुन्या सुती लुगड्यांची झबली शिवत असे. धुऊन धुऊन मऊ झालेले सूत तान्ह्या बाळाला टोचत नाही, म्हणून नवे कापड ती घेत नसे; शिवण बाहेरच्या बाजूला ठेवी आणि बटणांऐवजी बंद लावी. पाच-सहा झबली झाली की ती सरकारी रुग्णालयातील बाळंतिणींच्या वॉर्डात जाई आणि ज्यांच्या उशाशी कपड्यांचे गाठोडे दिसत नसे, त्यांना ती देऊन येई.

तिच्या अखेरच्या वर्षी एका भाजीवालीने मला थांबवले. अनेक वर्षांपूर्वी तिला पहिली मुलगी झाली, तेव्हा सासरचे कोणीही फिरकले नव्हते. आई तिच्या खाटेवर टेकली, बाळाला झबले घालून तिने स्वतः बंद बांधले आणि म्हणाली, "कितनी सुंदर है!" भाजीवाली मला म्हणाली, "उस दिन पहली बार किसी ने मेरी बच्ची को सुंदर कहा था. झबला अब भी रखा है." त्या मुलीनंतरच्या दोन्ही मुलांनी तेच झबले घातले होते.

घरी येऊन मी हे आईला सांगितले. तिला ती बाई आठवेना, मुलगीही आठवेना. तिने एवढेच विचारले, "बरी आहे ना गं ती?"

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील २५ व्या अध्यायात, शेवटच्या न्यायाच्या वेळी, नीतिमान लोक गोंधळून विचारतात, की प्रभू, आम्ही तुला भुकेलेला किंवा उघडा केव्हा पाहिला? लहानातल्या लहानासाठी तुम्ही जे केले ते माझ्यासाठीच केले, असे प्रभू त्यांना सांगतो. हा भाग आपण बहुधा न्यायाच्या धाकाने वाचतो. आईच्या त्या प्रश्नानंतर मला त्या लोकांचे आश्चर्यच अधिक महत्त्वाचे वाटू लागले. त्यांनी हिशेब ठेवलेलाच नव्हता. ज्याला दिले होते, त्याने तो ठेवला होता.

ज्यांची भजने आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत गायली जातात, ते कवी नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात होते. डब्यातील एक परदेशी सहप्रवासी त्यांच्याशी आपुलकीने बोलला आणि उतरण्यापूर्वी त्याने त्यांना बायबलचा नवा करार दिला. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला.  पुस्तकाचा उल्लेख सगळेच करतात. परंतु परक्या माणसाला बरोबरीने वागवून त्याच्याशी मनमोकळे बोलणे त्या गृहस्थाने आधी केले नसते, तर ते पुस्तक उघडले गेले असते का, असे माझ्या मनात नेहमी येते.

आई गेल्यावर तिची ट्रंक उघडली, तेव्हा मंडळीतील काही बायका माझ्याजवळ होत्या. वरच चार झबली होती. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील यापो गावच्या विधवा मला त्या क्षणी आठवल्या. त्यांच्यासाठी कपडे शिवणारी दुर्कस वारल्यावर तिच्या गुणांचे वर्णन न करता त्यांनी येशूचा शिष्य पेत्र याला तिने शिवलेले कपडेच रडत रडत दाखवले होते. आमच्यातली एकेक जण झबले हातात घेई, शिवण पाही आणि काही न बोलता पुढे देई.

चौथ्या झबल्याला एकाच बाजूचा बंद लावलेला होता. दुसरा मी लावला आणि चारही झबली त्याच वॉर्डात देऊन आले.