मुरुमांवर लावायचं जेल आणि तिसरा आठवडा (माझा अनुभव)

आधीच सांगून टाकतो, चेहरा आता ठीक आहे. पण माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो मुरुमांवर नाहीये, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या तीन शब्दांवर आहे. "रात्री चेहऱ्याला लावणे." बस्स. किती लावायचं, कुठे लावायचं नाही, लावल्यावर काय काय होणार, त्यातलं कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, यातलं एक अक्षर नाही.

जेल होतं दोन औषधं एकत्र असलेलं, अ‍ॅडापलीन ०.१ टक्के आणि बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. दहावीत मुरुम आले तेव्हा सगळे म्हणायचे वय सरलं की जातील, आता वय २७ आणि हनुवटी, जबडा, कपाळ जिथल्या तिथे. मधे एकदा नुसतं क्लिंडामायसिनचं, म्हणजे अँटिबायोटिकचं, लोशन वापरलं होतं, दोनेक महिने मस्त फरक पडला आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यामुळे यावेळी मी जरा जास्तच जोमात होतो आणि तिथेच घोळ झाला.

पहिला आठवडा काहीच झालं नाही. ना फायदा ना त्रास. मला वाटलं कमी पडतंय, म्हणून क्रीम लावतात तसं बोटभर काढून चेहराभर चोळायला लागलो, आणि मोठ्या मुरुमांवर वरून अजून एक एक थर.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी चेहरा ताणल्यासारखा व्हायला लागला, तोंड धुतलं की चुरचुरायचं. तिसऱ्या आठवड्यात तर कहर. नाकाच्या बाजूला आणि ओठांच्या कोपऱ्यात सालं निघायला लागली, जांभई दिली तरी कोपरा चिरायचा, हनुवटीवर कोंडा पडल्यासारखं पांढरं, आणि दाढी करणं म्हणजे शिक्षा. साधं पाणी लागलं तरी आग. वर कळस म्हणजे कपाळावर नवीन पुटकुळ्या, जिथे आधी काही नव्हतं तिथे सुद्धा. ऑफिसात एकाने विचारलं उन्हात फिरून आलास का रे, मी हो म्हणून मोकळा झालो.

घाबरून बंद केलं. तीन दिवसांत चेहरा शांत झाला, तेवढ्यात आठवलं की अरे ट्रीटमेंट अर्धवट सोडतोय, म्हणून परत चालू, परत तेवढंच बोटभर, परत आग, परत बंद. असं तीनदा केलं, तीनदा! दवाखान्यात फोन केला तर पलीकडून उत्तर, पुढची तारीख अजून खूप लांब आहे, डॉक्टर फोनवर बोलत नाहीत. म्हटलं मला फक्त एवढंच विचारायचंय की हे नॉर्मल आहे का. तर म्हणे ते डॉक्टरच सांगतील. पुन्हा फोन केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी जरा आवाज चढवला, त्याची आता थोडी लाज वाटते, त्या बाईंचा काय दोष.

ट्यूब कचऱ्यात टाकायला म्हणून खोका उचलला तर आतून ते घडी घातलेलं पत्रक पडलं, मुंगीच्या अक्षरातलं. मोबाइलची बॅटरी लावून, फोटो काढून, मोठा करून वाचलं. सगळं होतं त्यात. वाटाण्याएवढं जेल, पातळ थर, डोळे, ओठ आणि नाकपुड्यांचे कोपरे सोडून. सुरुवातीचे काही आठवडे कोरडेपणा, लाली, सालं, जळजळ होऊ शकते, तसं झालं तर मॉइश्चरायझर लावा, एक दिवसाआड लावा किंवा थोडे दिवस थांबा. म्हणजे मी चार-पाच पट जेल थापत होतो, आणि तेही नेमकं नको त्या जागी. कुणावर चिडावं तेच कळेना. चिठ्ठीवर एक ओळ जास्त लिहिली असती तर, हे खरंच आहे, पण खोका माझ्याच टेबलावर महिनाभर पडून होता हेही खरंच.

तर मग काय केलं. आधी चार दिवस पूर्ण सुट्टी, फक्त साधा बिनवासाचा मॉइश्चरायझर. मग दर तिसऱ्या रात्री. तोंड सौम्य फेसवॉशने धुवायचं, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत वीसेक मिनिटं थांबायचं, कारण ओल्या त्वचेवर लावलं की मला जास्त चुरचुरायचं. नाकाच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांना आधी पेट्रोलियम जेलीचं बोट. मग वाटाण्याएवढं जेल, कपाळ, दोन गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरायचं. फक्त मुरुमावर नाही, सगळ्या भागावर, कारण जो मुरुम दिसतोय त्यापेक्षा जो अजून त्वचेच्या आत तयार होतोय त्याच्यासाठी हे असतं. वरून परत मॉइश्चरायझर. दोन आठवड्यांनी एक दिवसाआड, आणि त्यानंतर रोज. पुन्हा काही त्रास झाला नाही म्हणून पुढच्या आठवड्यांबद्दल सांगण्यासारखंही काही नाही.

टॉवेल! हे कसं विसरलो. बेंझॉइल पेरॉक्साइड कपड्यांचा रंग उडवतं. माझे दोन टॉवेल, उशीचा अभ्रा आणि एका नेव्ही ब्लू टीशर्टची कॉलर केशरी ठिपक्यांची झाली, मला वाटलं धुण्याच्या पावडरीने झालं. पांढरे टॉवेल आणि पांढरे अभ्रे घ्या आणि जेल लावल्यावर हात धुवा.

मित्र म्हणाला दोन वेगवेगळ्या ट्यूबा घ्यायच्या ना, एकत्र कशाला. घेता येतात, पण एकत्र असण्यामागे लॉजिक आहे. अ‍ॅडापलीनने छिद्रं तुंबत नाहीत, मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून बसत नाहीत. बेंझॉइल पेरॉक्साइड आत ऑक्सिजन सोडून जंतू मारतं, आणि अँटिबायोटिकला जंतू सरावतात तसे याला सरावत नाहीत. म्हणूनच नुसतं क्लिंडामायसिन महिनोन्‌महिने लावू नका, त्याच्या जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड हवं असं सांगतात. माझ्या त्या जुन्या लोशनचं हेच झालं असावं. आणि जोडी कुठलीही चालत नाही, ट्रेटिनॉइनची (हेही मुरुमांवरचंच औषध, अ‍ॅडापलीनच्या जातीचं) बरीचशी जुनी जेलं बेंझॉइल पेरॉक्साइडबरोबर लावली तर ट्रेटिनॉइन निकामी होतं, अ‍ॅडापलीन मात्र टिकून राहतं. अमेरिकेत २०२३ मध्ये तर क्लिंडामायसिन, अ‍ॅडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड अशा तिन्हींच्या एकाच जेलला मान्यता मिळाली.

फरक कधी दिसला? आठव्या आठवड्याच्या आसपास लक्षात आलं की नवीन येणं कमी झालंय. बाराव्या आठवड्यात जबडा साफ. लाल-काळे डाग मात्र अजून आहेत, ते फार सावकाश जातात, आणि सनस्क्रीन चुकवलं तर जास्तच गडद होतात. सनस्क्रीन रोज, ढग असले तरी. दाढी मी सकाळी करतो, जेल रात्री, आणि त्वचा सोललेली असेल त्या दिवशी दाढीला सुट्टी. स्क्रब, अल्कोहोलवाले टोनर, वॅक्सिंग हे सगळं तेवढ्यापुरतं बंद ठेवा. आणि हो, सालं निघणं वेगळं आणि अ‍ॅलर्जी वेगळी. डोळे, ओठ, चेहरा सुजला, अंगावर पित्त उठलं, श्वास लागला तर पत्रक वाचत बसू नका, ट्यूब बंद करून सरळ दवाखाना गाठा.

पुढच्या भेटीत डॉक्टर चेहरा बघून म्हणाले, छान आहे, चालू ठेवा. आणि चिठ्ठीवर परत तेच तीन शब्द लिहायला लागले. मी म्हटलं डॉक्टर, किती लावायचं तेही लिहा ना. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शेवटी लिहिलं, "वाटाण्याएवढे". दोन सेकंद लागले.

एक राहिलंच. माझा चेहरा बघून वहिनीने ट्यूब मागितली, तिच्याही हनुवटीवर एकदम मुरुम आले होते. तिला दिवस गेलेले. गरोदरपणात अ‍ॅडापलीन लावायचं नसतं, तेही त्याच पत्रकात आहे, मागच्या बाजूला. तोपर्यंत ते माझं तोंडपाठ झालं होतं म्हणून पुढे केलेला हात मागे घेतला.