रंगीत चित्रं नंतर, आधी छेद दाखवा

किनारा नव्याने घडवायचा प्रस्ताव समोर आला की मी आधी छेद मागते. छेद म्हणजे गावातल्या शेवटच्या घरापासून ओहोटीच्या पाण्यापर्यंत जमीन उभी कापली तर जे दिसेल, त्याचं रेखाटन. रस्ता किती रुंद, भिंत किती उंच, पायऱ्या कुठे संपतात, वाळू कुठे सुरू होते, सगळं त्यात येतं. रंगीत चित्रात ऊन नेहमी कोवळं असतं आणि समुद्र शांत. छेदात मात्र काही लपत नाही. शेवटच्या घरातल्या सत्तरीच्या बाईंना पाण्यात पाय बुडवायचे असतील, तर वाटेत काय काय आडवं येतं ते लगेच कळतं. बहुतेक वेळा चौपदरी रस्ता, मग गाड्यांची रांग, मग छातीइतकी भिंत, मग दगडांचा ढीग. अशा किनाऱ्यावर कितीही महागडे दिवे लावले तरी त्या बाई भिंतीपाशीच थांबणार.

किनारी बांधकामाच्या कामात मी बरीच वर्षं काढली आहेत. चांगला छेद कसा असतो असं कुणी विचारलं, तर मी नेदरलँड्समधल्या काटवाइकचं नाव घेते. त्या गावाला समुद्रापासूनचं संरक्षण वाढवायचं होतं. नुसता उंच बांध घातला असता तर गाव आणि पाणी यांची ताटातूट झाली असती. त्यांनी बांध वाळूच्या टेकडीच्या पोटात गाडला आणि त्याला लागून, टेकडीखालीच, सुमारे 660 गाड्यांचं वाहनतळ बसवलं. 2015 साली काम पूर्ण झालं. आज वर गवत आहे आणि वाळूतून जाणाऱ्या पायवाटा आहेत. पाहुण्यांच्या गाड्यांची सोय झाली आणि त्यासाठी रहिवाशांचा किनारा गेला नाही. एका छेदात एवढं साधता येतं, हे मला आजही फार मोठं वाटतं.

क्रोएशियातल्या झादरमध्ये अडचण वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेला किनारा तिथे सपाट काँक्रीटने बांधून काढला होता. 2005 साली वास्तुरचनाकार निकोला बाशिच यांनी तिथे पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या केल्या. सुमारे 70 मीटर लांबीच्या त्या पायऱ्यांखाली 35 नळ्या आहेत. लाटेने आत ढकललेल्या हवेतून सूर उमटतात. पाहुणे सुरांसाठी येतात हे खरं, पण मला त्या पायऱ्या जास्त मोलाच्या वाटतात. तिथे कुणीही, काहीही विकत न घेता, पाण्याशेजारी हवा तितका वेळ बसू शकतं.

वाळूबद्दल मात्र मला थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बैठकांमध्ये ती गृहीत धरली जाते. वाळू किनाऱ्याला समांतर वाहत असते. तिला अडवलं की एका बाजूला ती साचते आणि दुसऱ्या बाजूचा किनारा उपाशी राहतो. पुदुच्चेरीत 1989 च्या सुमारास बंदराच्या लाटरोधक भिंती झाल्या, उत्तरेकडे जाणारी वाळू अडली आणि शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. उरले ते दगड. पुढे राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी अडसर बसवला, वाळूची भर घातली गेली, आणि लोकांना पुन्हा पुळणीवर उतरता आलं. उभ्या भिंतीचंही तसंच आहे. तिच्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते, मग भिंतीचा पायाच उघडा पडतो. म्हणून फरशीचा रंग ठरवण्याआधी मला वाळूच्या वर्षभराच्या हालचालीची मोजमापं हवी असतात. एका ऋतूची पुरत नाहीत.

बार्सिलोनाने 1992 च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने किनाऱ्यालगतचे रेल्वेरूळ हटवले, कारखान्यांच्या जागी पुळणी तयार केल्या, शहर समुद्राला जोडलं. काम देखणं झालं. पण 2014 च्या ऑगस्टमध्ये तिथल्याच बार्सेलोनेटा वस्तीतले लोक पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांविरुद्ध रस्त्यावर उतरले. किनारा मोकळा झाला की शेजारची घरं महागतात. या घरांचं काय होणार, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्याच बैठकीत यायला हवा. उद्घाटनानंतर तो सोडवायला गेलं तर हातात फारसं काही उरलेलं नसतं.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण मी त्यांच्यावर अडून बसते. सावली हवी, पिण्याचं पाणी हवं, हंगाम संपल्यावरही उघडी राहणारी स्वच्छतागृहं हवीत. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार वाळूच्या कडेला न थांबता ओल्या वाळूपर्यंत जायला हवा. कठड्यांना 304 प्रतीचं स्टेनलेस स्टील नको. खाऱ्या हवेत त्यावर लवकरच तपकिरी डाग धरतात, 316 बरंच जास्त टिकतं. आतल्या लोखंडी सळीवर काँक्रीटचा थर पुरेसा जाड हवा, नाहीतर क्षार आत शिरतात, सळी गंजून फुगते आणि वरचा थर फुटून येतो.

आणि खर्चाच्या तक्त्यात देखभालीची ओळ हवी, दरवर्षीची, वाळू पुन्हा भरण्याच्या खर्चासह. ती नसेल तर मी तो प्रस्ताव परत पाठवते, चित्रं कितीही सुंदर असली तरी.