दापोलीमार्गे महाबळेश्वर, ई-सायकलवरून: आंबेनळीत मोटर का बसते आणि बसली तर काय करायचं

"ब्रशलेस आहे साहेब, मोटरला काही होत नाही." सायकल घेताना दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. (ब्रशलेस म्हणजे आत घासून झिजणारे कार्बनचे ब्रश नसलेली मोटर.) वर एक सल्ला फुकट: घाट आला की गिअर हलका टाका, मोटरला आराम पडतो. यातलं पहिलं अर्धंच खरं आहे आणि दुसरं साफ खोटं. त्याचा हिशेब आंबेनळी घाटात, वाडा कुंभरोशीच्या बराच अलीकडे, भर उन्हात चुकता झाला. मागच्या चाकात २५० वॉटची हब मोटर आणि ३६ व्होल्टची बॅटरी असलेली सायकल घेऊन कोणी सह्याद्री चढायला निघत असेल, तर त्याने आधी हे वाचावं.

रस्ता असा: पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, दिवेआगर, हरिहरेश्वर. बागमांडल्याला फेरीबोट, पलीकडे वेसवी. मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, खेड, कशेडी, पोलादपूर आणि आंबेनळी चढून महाबळेश्वर. किनारा सुंदर, मासे ताजे, डिसेंबरची हवा. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी लिहीत नाही. पंक्चर काढता येतं, शंभर किलोमीटर पेडल मारता येतं आणि सामान बांधता येतं, हेही धरून चाललोय.

पहिली कटकट किनाऱ्यावरच झाली. वेसवीला उतरून केळशीच्या वाटेवर मोटर अचानक गप्प. डिस्प्ले चालू, बॅटरी अर्धी, पण थ्रॉटल (हँडलवरचा ॲक्सिलरेटर) दाबलं की चाकाला एक हिसका आणि पुन्हा शांतता. अशा वेळी मोटर जळाली म्हणून हातपाय गाळू नका. आधी ब्रेक लिव्हरच्या वायरी सोडून पाहा. लिव्हरमध्ये कट-ऑफचा स्विच असतो, तो अडकला की कंट्रोलरला (मोटरला करंट सोडणाऱ्या पेटीला) वाटतं ब्रेक दाबलेला आहे, आणि तो मोटरला करंटच देत नाही. थ्रॉटलवर चालते पण पेडलवर नाही, तर क्रँकजवळची (पेडलच्या मधल्या दांड्याजवळची), पेडल फिरतंय हे कळवणारी चुंबकांची चकती सरकलीय का बघा. माझ्या बाबतीत दोन्ही ठीक होतं. दोष निघाला मागच्या चाकाजवळच्या नऊ पिनांच्या कनेक्टरमध्ये. तो ओढून काढला तर आतून ओलसर, आणि तीन जाड पिनांपैकी एकीवर हिरवट पूड साचलेली. फेरीबोटीवर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे सायकलवर उडत होते, ते केबलवरून घरंगळत थेट तिथे पोचले होते. पिना टूथब्रशने घासल्या, सुक्या फडक्याने पुसल्या, उन्हात ठेवल्या, बाणाला बाण जुळवून सरळ दाबल्या. चालू. हा कनेक्टर पिरगाळून कधीही काढू नका, बारीक पिन वाकली की काम मोठं होतं. केबल चाकात शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं. फेरीबोटीवर कनेक्टरवर प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड. एवढ्याने भागतं.

कशेडीही घाटच, पण रुंद आणि सौम्य. तिथे मोटर कुरकुरलीसुद्धा नाही, आणि त्यामुळेच आंबेनळीबद्दल फाजील विश्वास येतो.

आता आंबेनळी. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर. मधलं अंतर साधारण ४० किलोमीटर. मी, सायकल आणि पिशव्या मिळून वजन ११४ किलो. एवढं वजन १,३०० मीटर वर उचलायला, घर्षण वगैरे सगळं सोडून दिलं तरी, ४०० वॉट-अवर लागतात. माझी बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर, म्हणजे ३६०. त्यातलेही अर्धेच चाकापर्यंत पोचतात, कारण चढावर मोटरची कार्यक्षमता कोसळते. बाकीचं पायांनी द्यायचं असतं. मोटर वर नेईल, आपण फक्त बसायचं, हा हिशेब कागदावरसुद्धा जुळत नाही.

आणि इथेच दुकानदाराचा दुसरा सल्ला माणसाला गोत्यात आणतो. हब मोटर चाकातच असते. मागचे सात गिअर चेनसाठी, म्हणजे तुमच्या पायांसाठी आहेत. तुम्ही गिअर कितीही हलका टाका, चाक ताशी आठने फिरत असेल तर मोटरही आठच्याच हिशेबाने फिरणार. उलट गिअर हलका टाकून पाय नुसते भिरभिरले, तर सगळा भार मोटरवरच पडतो. ही मोटर सपाटीवर पंचविसाच्या वेगासाठी गुंडाळलेली असते. त्या वेगात ती मजेत असते, करंट कमी घेते. वेग पडला की करंट वाढत जातो, शेवटी कंट्रोलरच्या मर्यादेला टेकतो. माझ्याकडे ती १३ अँपिअरच्या आसपास. करंट दुप्पट झाला की वायंडिंगमधली (तांब्याच्या तारेच्या गुंडाळीतली) उष्णता चौपट. ताशी सात-आठच्या वेगाने फुल असिस्टवर (मोटरची मदत सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवून) चढताना बॅटरीतून साडेचारशे वॉट निघतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त चाकाच्या आत नुसती आच होऊन राहतात. माझ्यासारख्या गिअरवाल्या, म्हणजे आतच वेग उतरवणारे गिअर असलेल्या हब मोटरमध्ये ही आच बाहेर पडायला वाट नाही, कारण डब्यात डबा ठेवावा तशी मोटर आत आणि फिरणारं कवच बाहेर, मधे हवा. बाहेरून हाताला कोमट लागतं तेव्हा आत कढत झालेलं असतं.

आत जे असतं त्यात सगळ्यात नाजूक काय, तर नायलॉनचे तीन छोटे गिअर. मोटर आत सुमारे पाचपट वेगाने गरगरते, हे तीन गिअर तो वेग उतरवून चाकाला जोर देतात. नायलॉन आवाज करत नाही म्हणून वापरतात. गरम झालं की ते मऊ पडतं. आणि मऊ पडलेल्या दातांवर, चढावर थांबलेल्या जागेवरून कोणी थ्रॉटल खटकन पिरगाळलं की खेळ संपला. त्याच्या जोडीला साध्या ग्रेडचे चुंबक ८० अंशांच्या आसपास आपली ताकद कायमची गमावू लागतात, पण बहुतेक वेळा त्याच्या आधी दातच जातात.

पोलादपूर सोडल्यावर सुरुवातीचे किलोमीटर काही वाटत नाहीत. मग वळणं सुरू होतात, आणि एका नागमोडी वळणावर समोरून एसटी आली. तिला वाट द्यायला कडेला थांबलो, पुन्हा निघताना थ्रॉटल दिलं. "घर्र्र" असा कोरडा आवाज, मोटर आत फिरतेय हे हाताला कळतंय, चाक ढिम्म. असा आवाज ऐकलात तर लगेच थ्रॉटल सोडा. तुटलेला तुकडा आत भरडत राहिला तर चांगले दातही जातात. पुन्हा पुन्हा "चालतेय का बघू" करू नका, चालत नाही. कनेक्टर सोडून टाका आणि सायकल साधी सायकल समजून चालवा. गिअरवाल्या हबमध्ये आत एकेरी क्लच असतो, त्यामुळे मेलेली मोटर चाकाला मागे ओढत नाही. हा एकच दिलासा. बाकी २४ किलोची सायकल आणि १२ किलोचं सामान आपणच ओढायचं.

मी ते वाडा कुंभरोशीपर्यंत, म्हणजे प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत ओढलं. काही चालवत, बराचसा ढकलत. पाणी संपलं होतं. त्या तासांबद्दल काही चांगलं लिहिण्यासारखं नाही. या पट्ट्यात टपऱ्या अगदी विरळ आहेत, पोलादपूरलाच किमान तीन लिटर पाणी भरा. वाटेतली माकडं पिशवीची चेन उघडतात.

फाट्यावर टेम्पो मिळाला. तिथून महाबळेश्वर वीस-बावीस किलोमीटर. टेम्पोवाल्याने आधी सायकलकडे, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा, वर सोडून मला रिकामं खाली यायचंय. अडीच द्या." मी हजार म्हटलं. तो चहा प्यायला निघून गेला. अठराशेवर तुटलं, आणि वर सामान चढवायला हातसुद्धा लावला नाही. ही उघड लूट आहे. पण दमलेल्या माणसाला घासाघीस जमत नाही हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तुमच्यावर वेळ आली तर आधी बसा, पाणी प्या, काहीतरी खा आणि मग भाव विचारा. त्याहून उत्तम म्हणजे पोलादपूर किंवा महाबळेश्वरच्या एखाद्या टेम्पोवाल्याचा नंबर निघण्याआधीच घेऊन ठेवा, दरही आधीच बोलून ठेवा.

दुसऱ्या दिवशी मोटरशिवाय पाचगणी आणि पसरणी घाट उतरून वाई. बॅटरी काढून पिशवीत टाकली होती. वळणं मागे पडत होती, कानात वारा, खाली सगळं वाईचं खोरं. त्या उतारावर असं वाटलं की मोटर हवीच कशाला! (वाईत नाश्त्याची पहिली प्लेट संपेपर्यंतच हे मत टिकलं.) उतार मोठा आहे, ब्रेक पॅड नवे घालूनच या, जड ई-सायकल पॅड लवकर खाते. वाईहून पुढे हायवेने पुण्याला सायकल चालवू नका, परतीच्या बाजूला खंबाटकीचा बोगदा लागतो आणि तिथे सायकलचं काही काम नाही. माझा मेहुणा गाडी घेऊन आला.

पुण्यात पहिल्यांदा गेलो ते सर्व्हिस सेंटरला. चाक न उघडताच निदान: "मोटर गेली, पूर्ण चाक बदलावं लागेल, ९,८००." वॉरंटीत बसत नाही, कारण "ओव्हरलोड". किती लोड चालतो, घाट किती वेळ चढावा, हे माहितीपुस्तकात कुठेही नाही. तिथून चाक उचललं आणि ई-रिक्षांची कामं करणाऱ्या एका मेकॅनिककडे नेलं. त्याने बाजूच्या झाकणाचे स्क्रू काढले, रबरी हातोडीने चार ठोके देऊन आतला गोळा बाहेर काढला आणि हसायलाच लागला. "मोटर मेली नाही साहेब तुमची, दात पडलेत." तीन पांढऱ्या गिअरपैकी एकाचे सलग सहा-सात दात बुडापासून सपाट झालेले, त्यांचा भुगा ग्रीसमध्ये कालवलेला. उरलेल्या दोघांचे दात शाबूत, पण एका बाजूने झिजलेले. वायंडिंग तांबूस, स्वच्छ, जळका वास नाही. गिअरचा संच क्लचसकट १,६००, मजुरी ४००. ९,८०० कुठे आणि २,००० कुठे! सर्व्हिस सेंटरने चाक न उघडता निदान केलं तर पैसे देऊ नका, बस्स.

गिअर ऑनलाइन मागवणार असाल तर मोटरच्या नावावर जाऊ नका. जुना गिअर हातात घेऊन दात मोजा, बाहेरचा आणि आतला व्यास कॅलिपरने घ्या. तिन्ही एकदम बदला, एक नवा आणि दोन झिजलेले असं केलं तर नव्यावरच सगळा ताण येतो. लोखंडी गिअरही मिळतात, टिकतात, पण आवाज असह्य. पांढरं लिथियम ग्रीस, तेही बेताचं. चाक परत बसवताना ॲक्सलजवळची अटकाव वॉशर आठवणीने घाला. ती नसेल तर ॲक्सल स्वतःच फिरतो, केबल पिळवटून तुटते आणि मग खरोखरच मोटर जाते.

वाटेत मोटर संशयास्पद वाटली तर मल्टिमीटर असेल त्याने हे करावं. मोटरचा कनेक्टर सोडून चाक उलट्या दिशेने फिरवा. सोडल्यावर मोकळं फिरतं आणि जोडल्यावर अडखळतं, तर दोष कंट्रोलरमध्ये आहे, त्यातला मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालेला असतो. सोडूनही अडखळत असेल तर मोटरच्या तीन जाड वायरी एकमेकींना चिकटल्यात. हॉल सेन्सरसाठी (मोटरमधल्या चुंबकांची जागा ओळखणारे सेन्सर) कनेक्टर जोडलेलाच ठेवून बारीक लाल-काळ्यात पाच व्होल्टच्या आसपास येतात का बघा, मग पिवळी, हिरवी, निळी एकेक करून काळीशी मोजत चाक हळूहळू उलटं फिरवा. प्रत्येकीवर शून्य ते पाच अशी उडी दिसली पाहिजे. एखादी एकाच आकड्यावर बसून राहिली तर तो सेन्सर गेला. सुटा सेन्सर फारच स्वस्त असतो, खर्च तो बदलणाऱ्या हाताचा.

किती टिकते, हे प्रत्येक जण विचारतो. सपाटीवर ऑफिसला जाणाऱ्या माझ्या मित्राची अगदी अशीच मोटर दहा हजार किलोमीटर ओलांडून गेली, गिअर मूळचेच. माझे त्याच्या पाव अंतरात गेले. बिनगिअरच्या मोठ्या हब मोटरमध्ये बेअरिंगशिवाय झिजण्यासारखं काही नाही, ती वर्षानुवर्षं चालते, पण जड असते आणि हळू चढावर तीही तापतेच. क्रँकजवळ बसणारी मिड-ड्राइव्ह मोटर चेनमार्फत ओढते, म्हणून तिला मात्र हलक्या गिअरचा खरा फायदा होतो. घाटासाठी तीच योग्य. चेन आणि स्प्रॉकेट भराभर झिजतात, आणि मोटर बिघडली तर दापोलीत सोडा, पुण्यातही लवकर भाग मिळत नाही.

हब मोटर घेऊन आंबेनळी चढायचीच असेल तर असिस्ट १ किंवा २ वर ठेवा, थ्रॉटलला हात लावू नका आणि वेग बाराच्या वर राहील एवढा जोर पायांनी द्या. दहाच्या खाली आला तर मोटर बंद करून उतरा, ढकला. दर चार-पाच किलोमीटरला थांबून मोटरच्या कवचावर तळहात ठेवा. तीन सेकंद ठेववत नसेल तर वीस मिनिटं सावलीत. त्यावर पाणी ओतू नका. पिशवीत १८ चा पाना, गिअरचा एक संच, टूथब्रश आणि रोख दोन हजार रुपये असू द्या. फाट्यावर माझ्या मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे यूपीआयवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.