साडेसोळा मिलिमीटर

रेल्वेची छोटी मॉडेलं करणारी माणसं भयंकर काटेकोर असतात, असा माझा समज होता. आता त्या पंगतीत अगदी शेवटच्या पाटावर बसल्यावर दिसतंय की हा छंद काटेकोरपणाचा कमी आणि तडजोडीचा जास्त आहे. कुठलं खोटं चालवून घ्यायचं आणि कुठलं नाही, हे ठरवण्यात निम्मा वेळ जातो. उरलेला निम्मा फरशीवर पडलेला बफर, म्हणजे डब्याच्या टोकाचा धक्का झेलणारा इवलासा भाग, शोधण्यात.

खोटेपणा रुळापासूनच सुरू होतो. बाजारात सर्वांत सहज मिळणारा छोटा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, म्हणजे त्याच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, अर्थात गेज, तेवढं. युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजला ८७ ने भागलं की हाच आकडा येतो, म्हणून १:८७ या मापाला, म्हणजे एचओला, तो चपखल बसतो. इथवर सगळं सरळ आहे. पण ब्रिटिशांची इंजिनं अंगानं बारीक, कारण त्यांचे जुने पूल आणि बोगदेच अरुंद. १:८७ मध्ये त्यांच्या पोटात त्या काळची मोटर मावेना. मग त्यांनी इंजिन फुगवून १:७६.२ केलं आणि रूळ मात्र होता तोच ठेवला. याचं नाव ओओ. त्या हिशेबानं त्यांचा रूळ खऱ्या जगात १२५७ मिलिमीटरचा होतो, म्हणजे असायला हवा त्यापेक्षा जवळजवळ अठरा सेंटिमीटर अरुंद. ज्यांना हे सहन झालं नाही त्यांनी १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः बसवायला घेतले. बाकीचे सुखानं गाड्या चालवतात.

आपल्या ब्रॉडगेजचं दुखणं आणखी वेगळं. १६७६ भागिले ८७ म्हणजे १९.२६. त्या मापाचा तयार रूळ दुकानात मिळत नाही, म्हणून आपली भारतीय इंजिनंही मुकाट्यानं साडेसोळावरच धावतात. समोरून पाहिलं तर अंग भारदस्त आणि पाय जुळवून उभं असलेलं इंजिन दिसतं. बाजूनं पाहिलं तर काही कळत नाही. बहुतेक गाड्या आपण बाजूनंच बघतो, हे नशीब.

मी सुरुवात केली ती ब्रिटनमधल्या १६ टनी कोळशाच्या वाघिणीपासून. नवशिक्यानं आधी चारचाकी मालडबा करावा आणि मग इंजिनाकडे वळावं, असं सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. प्लॅस्टिकची किट असते. भाग फ्रेममधून कटरनं सोडवायचे, कानशीनं कडा साफ करायच्या आणि सांध्यावर ब्रशनं पातळ सिमेंट सोडायचं. हे सिमेंट म्हणजे गोंद नव्हे. ते प्लॅस्टिक जरासं विरघळवतं आणि दोन भाग एकजीव करतं, म्हणून थेंब कमी पडला तर चालतो, जास्त पडला तर डब्याची भिंतच मऊ होते. चौकट वाळायच्या आत काचेच्या तुकड्यावर ठेवून चारही चाकं टेकतात का ते बघायचं. तीनच टेकली तर तो डबा पुढे प्रत्येक सांध्यावर घसरणार.

आणि मग वजन. हा भाग मला सर्वांत आवडला. खऱ्या वाघिणीचं रिकामं वजन सुमारे सात टन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ७६ पटींनी लहान झाल्या, म्हणजे वजन ७६ च्या घनानं भागायला हवं. उत्तर येतं सोळा ग्रॅम. हे झालं सत्य. पण सोळा ग्रॅमचा डबा रूळ बदलायच्या काट्यावर उडतो आणि वळणावर लांब गाडीच्या मधोमध असला तर आतल्या बाजूला ओढला जाऊन आडवा पडतो. जाणकारांचा ठोकताळा आहे दर अ‍ॅक्सलला पंचवीस ग्रॅम, म्हणजे आमच्या डब्याला पन्नास. खऱ्याच्या तिप्पट! सत्याला धरून राहिलं तर गाडी रुळावर राहत नाही. मी हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वॉशर तळाला चिकटवतो. काही जण शिशाच्या गोळ्या घालतात, पण त्या पांढऱ्या गोंदात घालू नयेत, असं जुनी माणसं बजावतात. काही वर्षांनी शिसं आणि गोंद मिळून फुगतात आणि इंजिनाचं बॉयलर आतून उकलतं.

आमच्या शेजारचे काका रेल्वेत रुळांच्या देखभालीच्या खात्यात होते. आयुष्यभर पुणे-लोणावळा पट्ट्यात ट्रॉलीवरून हिंडले. पहिली वाघीण त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती उलटी केली आणि सरळ पोटाकडे पाहिलं.

"ब्रेकची दांडी ठीक आहे. पण हा आपल्याकडचा डबा नव्हे रे."

"नाही काका, विलायतेचा आहे."

"मग रूळ अरुंद का?"

मी अठरा सेंटिमीटरची गोष्ट सांगितली. मला वाटलं, आता हसतील. ते म्हणाले, "अरे, आम्हीसुद्धा कडक वळणावर गेज थोडं सैल ठेवायचो. तंतोतंत ठेवलं तर चाकं घासत जातात." मला एकदम बरं वाटलं. खऱ्या रेल्वेचा माणूसच आपल्या बाजूचा निघाला.

पितळेच्या किटची गोष्ट निराळी. त्यात अ‍ॅसिडनं कोरलेला पातळ पत्रा येतो, अर्ध्या जाडीच्या रेघांवर दुमडायचा, आणि रेघ घडीच्या आतल्या बाजूला ठेवायची. जोडायला सोल्डर लागतं. त्याची खरेदी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या दुकानांत. तिथल्या दुकानदाराला "रेल्वेचं इंजिन जोडायचंय" म्हटलं तर तो वर न बघता विचारतो, "किती वॅट?" या गल्लीत कुणी रॉकेट जोडायचंय म्हणालं तरी त्याला वॅटच विचारतील. सोल्डरची कला मुळात कल्हईचीच आहे: पितळ स्वच्छ हवं, पुरेसं तापलेलं हवं आणि ऑक्साइड घालवायला काहीतरी हवं. कल्हईवाला नवसागर टाकतो, आम्ही फ्लक्स लावतो. कथील दोघांकडेही आहे. तांबट आळीतल्या एखाद्या कारागिरानं माझा सांधा पाहिला तर तो काही बोलणार नाही, फक्त पत्रा परत तापवेल. काही किटमध्ये पांढऱ्या धातूचे ओतीव भागही असतात. ते साध्या सोल्डरच्या उष्णतेनं स्वतःच वितळतात, म्हणून त्यांच्यासाठी ७० अंशांना पातळ होणारं वेगळं सोल्डर आहे. उकळत्या चहापेक्षाही थंड धातूनं धातू जोडायचा, हे हातानं करून पाहिलं तरी खरं वाटत नाही.

इंजिन मात्र तडजोडीला दाद देत नाही, निदान एका बाबतीत. वाफेच्या बहुतेक खऱ्या इंजिनांत डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकमध्ये ९० अंशांचं अंतर असतं. एका बाजूचा दट्ट्या टोकाला जाऊन अडला की दुसऱ्या बाजूचा ऐन जोरात असतो, म्हणून इंजिन कुठल्याही जागेवरून निघू शकतं. मॉडेलमध्ये दट्टे शोभेचे. बारा व्होल्टची मोटर वर्म गिअरनं एकच अ‍ॅक्सल फिरवते आणि बाकीची चाकं बाजूच्या दांड्यांनी ओढली जातात. आता गंमत बघा: इथे ते अंतर बरोबर ९० असायची गरज नाही. ८७ झालं तरी इंजिन लोण्यासारखं चालेल. अट एवढीच की पहिल्या अ‍ॅक्सलवर ८७ असेल तर दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावरही ८७च हवं. एक जरी अ‍ॅक्सल ९० वर गेला की प्रत्येक फेऱ्यात ठरलेल्या जागी आचका बसतो. तो दांडीत नसतो, मोटरमध्ये नसतो, गिअरमध्ये नसतो. पण नवशिक्या आधी तिथेच शोधतो. दांडीची भोकं रीमरनं किंचित मोठी केली की आचका मऊ होतो. काकांच्या सैल गेजसारखंच हे. फार मोठी केली तर चाकं एकमेकांचं ऐकेनाशी होतात.

रंगाचं थोडक्यात सांगतो. काळं इंजिन काळ्या रंगानं रंगवू नये, गडद करडा वापरावा. लांबून बघताना मधल्या हवेनं रंग फिका होतो आणि छोटं मॉडेल आपण जणू लांबूनच बघत असतो. माझ्या डोक्यात मात्र १ जून १९३० ला सुरू झालेली पहिली डेक्कन क्वीन आहे. तिचा एक रेक, म्हणजे डब्यांचा संच, चंदेरी, तांबड्या पट्ट्यांचा, आणि दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. चंदेरी कसा फिका करायचा, हा प्रश्न आहेच.

पण डेक्कन क्वीन ठेवायची कुठे? आजच्या गाडीचा एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीचा, डबा सुमारे २४ मीटर लांब, १:८७ मध्ये साडेसत्तावीस सेंटिमीटर. सोळा डबे म्हणजे चार मीटर चाळीस, त्यापुढे इंजिन. ब्रॉडगेजवरचं कडक वळण १० अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं. ते लहान केलं तरी दोन मीटर राहतं, म्हणजे गाडी नुसती परत फिरवायला चार मीटर रुंद खोली लागणार. आमच्या घरात ती नाही, आणि असती तरी माझ्या वाट्याला आली नसती. तयार मिळणारं वळण ४३८ मिलिमीटरचं, खऱ्या जगात ३८ मीटर. एवढ्यात पीएमपीची बस वळते. कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे पोरं सर्कस बघतात, दिवे लागले की ओरडतात. मी हल्ली तिथे जातो तेव्हा फक्त वळणं बघतो. पोरांचं बरोबर आहे, अर्थात.

म्हणून आता बार्शी लाईटकडे वळलो आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं १८९७ मध्ये सुरू केलेली ही नॅरोगेज, अ‍ॅक्सलवर फक्त पाच टन भार. आमची आजी कुर्डुवाडीला गाडी बदलून याच लायनीनं पंढरपूरला जायची. तिचं गेज ७६२ मिलिमीटर. भागिले ८७ केलं तर ८.७६. आणि एन नावाच्या आणखी लहान मापाचा नऊ मिलिमीटरचा रूळ जगभर तयार मिळतो! फरक पाव मिलिमीटरचा. ब्रॉडगेजला जे जमलं नाही ते या बारक्या गाडीला जमलं. वळणंही कडक असली तरी तिला शोभतात.

अडचण अशी की नऊ मिलिमीटरवरच्या तयार चेसिस बहुतेक जपानी नाहीतर जर्मन इंजिनांच्या. जपानी तर आणखी मजेशीर, कारण त्यांचं १०६७ मिलिमीटरचं गेज १:१५० मध्ये ७.१ यायला हवं आणि ते खुशाल नऊवर चालवतात. मला हवंय ते कॅल्थ्रॉपचं पहिलं इंजिन, लीड्सच्या किटसन कंपनीचं, आठ जोडलेली चाकं आणि मागे चार छोटी. अशी चेसिस तयार मिळणं कठीण. काकांचं म्हणणं, "जपानी घे आणि वर बार्शीचा डबा चढव, कोण खाली वाकून बघतंय?" हे म्हणणाऱ्या माणसानं माझी वाघीण हातात आल्याबरोबर उलटी केली होती. त्यामुळे पितळेच्या पट्टीवर आठ चाकांची भोकं आखून ठेवली आहेत. आठ चाकं म्हणजे चार अ‍ॅक्सल, आणि ते ८७ अंशांचं प्रकरण चारही ठिकाणी.