भूल उतरताना नळी काढायची कधी?

सर्जनांचे शेवटचे टाके पडू लागले की मी सेव्होफ्लुरेनचा, म्हणजे भुलीच्या वायूचा, डायल शून्यावर नेते. पण केस लो फ्लोवर, मिनिटाला लिटरभर ताज्या वायूवर चालवलेली असेल तर एवढ्याने भागत नाही. सर्किटमधलं, म्हणजे मशीन आणि पेशंट यांच्यामधल्या नळ्यांतलं, सेव्हो सोडा लाइममधून (कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) फिरून परत पेशंटकडेच येतं. म्हणून डायल बंद करतानाच ऑक्सिजन १० लिटरवर नेते आणि मॉनिटरवरचे दोन्ही आकडे बघते: आत जाणारं किती, बाहेर येणारं किती. आतला आकडा शून्याला टेकेपर्यंत सर्किट धुतलं गेलेलं नाही. कार्बन डायऑक्साइड साठून पेशंटने स्वतः श्वास घ्यावा म्हणून मशीनचे श्वास कमी करण्याची सवय मला पटत नाही. वायू फुप्फुसातूनच बाहेर पडणार, मग तीच वाट अरुंद का करायची?

मॅक म्हणजे ज्या प्रमाणाला निम्मे पेशंट चीर दिल्यावरही हलत नाहीत ते; चाळिशीतल्या माणसाला सेव्होचा एक मॅक साधारण २ टक्के. हाकेला ओ मिळते ती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याला, ०.६ ते ०.७ टक्क्यांच्या आसपास. तरी बाहेर येणारा आकडा ०.२ टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय मी श्वासनलिकेतल्या नळीला हात लावत नाही. मेंदूतली भूल फुप्फुसातल्या आकड्याच्या मागून उतरते, आणि फेंटानिल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) चढलेलं असेल तर आणखी रेंगाळते. चाळिशीनंतर दर दहा वर्षांना मॅक सुमारे ६ टक्क्यांनी घटतो. ८० वर्षांच्या आजींना तोच आकडा जास्त भारी पडतो.

सगळ्यात वाईट तो खोल भूल आणि जाग यांच्या मधला पट्टा. पेशंट श्वास रोखतो, गिळतो, बुबुळं दोन दिशांना जातात, हात नळीकडे धावतो. ही जाग नव्हे. या वेळी घशात सक्शन घातलं तरी स्वरयंत्र आवळतं, म्हणून सक्शन मी भूल खोल असतानाच उरकते. दाढांमध्ये गॉजची गुंडाळी आधीच ठेवलेली असते. तरीही नळी चावली गेली तर कफ, म्हणजे नळीभोवतीचा हवेचा फुगा, लगेच रिकामा करायचा, म्हणजे नळीच्या बाजूने श्वास जातो. नाहीतर बंद नळीवर जोर लावून फुप्फुसात पाणी भरतं.

स्नायू सैल करणारं औषध उतरलंय का, हे ट्विच मॉनिटरवरच बघावं: तो नसेला विजेचे चार झटके देतो आणि दर झटक्याला स्नायू किती आकसतो (ट्विच) ते दाखवतो. चौथ्या ट्विचचं पहिल्याशी प्रमाण ०.९ हवं. पाच सेकंद मान उचलून धरली, एवढ्यावर मी विसंबत नाही. त्या औषधावरचा उतारा नीओस्टिग्मीन, चारही ट्विच दिसल्यावर, किलोला ०.०५ मिलिग्रॅम, सोबत नाडी मंदावू नये म्हणून ग्लायकोपायरोलेट. मग दहा मिनिटं थांबायचं. पुढचा पेशंट दाराशी ट्रॉलीवर असला, तरी थांबायचं.

हाक पेशंटच्या घरच्या भाषेत मारावी. मुंबईच्या ऑपरेशन थिएटरमध्ये याचा फरक दिसतो: ‘डोळे उघडा’ला न हलणाऱ्या घाटकोपरच्या गुजराती बा ‘बा, आंख खोलो’ म्हटल्यावर बघतात. सांगितल्यावर हात दाबला, श्वास भरून आणि एका लयीत आला, की बॅगने फुप्फुसं भरते, कफ सोडते आणि नळी काढते. त्यामुळे पहिला श्वास खोकल्यासारखा बाहेर पडतो आणि लाळ आत ओढली जात नाही.

घसा आवळलाच तर घट्ट मास्क, शंभर टक्के ऑक्सिजन, सलग दाब, जबडा पुढे. नाही सुटलं तर प्रोपोफॉल (शिरेतून द्यायचं भुलीचं औषध) किलोला ०.५ मिलिग्रॅम. सॅच्युरेशन घसरत असेल तर स्नायू झटकन सैल करणारं सक्सिनिलकोलीन. ती सिरिंज भरून, लेबल लावून, नळी काढण्याआधीच ट्रेमध्ये हाताशी असते.