तुम्ही विचारलंत म्हणून : फिडलचं नोटेशन पाठवू का?

"आयरिश फिडलवरच्या चाली शिकायच्यात, नोटेशन पाठवाल का?" मी आयर्लंडमधल्या कॉर्कला राहते आणि चाळिशीत फिडल हातात घेतलं, म्हणून हा निरोप मला वरचेवर येतो. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. वाजवायची रीत तेवढी निराळी. नोटेशन पाठवायला माझी ना नाही, पण त्याने सुरुवात करू नका.

माझे पहिले सहा महिने कागद बघून वाजवण्यात गेले. फ्रान्सिस ओनील यांचं १९०७चं पुस्तक आणलं होतं, १००१ चालींचं. मग एके रात्री पबमधल्या सेशनला, म्हणजे वादकांच्या एकत्र वाजवण्याच्या बैठकीला, जाऊन बसले. समोर वाजणाऱ्या कितीतरी चाली ओळखीच्या होत्या, पण कागद नाही म्हटल्यावर एकही बोटांत येईना. फार वाईट वाटलं. पुढे कळलं, की ओनील मूळचे इथलेच, बँट्रीजवळचे, नंतर शिकागोचे पोलीसप्रमुख झालेले. आणि त्यांना स्वतःला नोटेशन लिहिता येत नसे! ते चाल ऐकवत आणि जेम्स ओनील नावाचे दुसरे गृहस्थ ती लिहून घेत.

तेव्हा एकच चाल घ्या. शक्यतो पोल्का, म्हणजे जलद ठेक्याची नाचाची चाल, घ्या, कॉर्क आणि केरीच्या सीमेवरच्या श्लीव लूखरा भागातली. आठ बारचा (बार म्हणजे ठेक्याचं एक छोटं आवर्तन) एक भाग दोनदा, मग आठ बारचा दुसरा भाग दोनदा, झाली चाल. आठवडाभर फिडल पेटीतच राहू द्या. पोळ्या लाटताना, बसमध्ये, ती ऐका. वारीत चालणारा माणूस अभंगाची चाल जशी उचलतो, तशी ती तोंडात बसू द्या. पायाने ठेका धरून गुणगुणता आली की मगच गज उचला, आणि दोन-दोन बारचे तुकडे तारेवर शोधा.

याच भागात पॉड्रिग ओकीफ (१८८७–१९६३) होऊन गेले. शाळामास्तरची नोकरी सुटल्यावर ते घरोघरी पायी जाऊन फिडल शिकवत. त्यांची लिहायची पद्धत मला अतिशय आवडते. पाश्चात्त्य नोटेशनच्या पाच रेघांमधल्या चार जागा म्हणजे फिडलच्या चार तारा, आणि त्या जागेतला आकडा म्हणजे बोट. चाल आधी समोर बसून ऐकलेली, कागद फक्त आठवणीपुरता. ठेक्याच्या अध्येमध्ये गजाला जो हलका रेटा द्यायचा, ज्यावर नाचणाऱ्याचा पाय उचलतो, तो कुठल्याच कागदावर उतरत नाही.

हिंदुस्थानी व्हायोलिन शिकलेल्यांसाठी एवढंच: तारा जी-डी-ए-ई अशा मिळवून घ्या, आणि मींड आवरा. बोट घसरत नेलं की पोल्काचा ठेका ढिला पडतो. हे मला फार जड गेलं, कारण मींडेवर माझं प्रेम आहे.

गेल्या हिवाळ्यात सेशनमध्ये शेजारचे आजोबा माझ्याकडे जरा वळून बसले, डावा हात मला नीट दिसावा म्हणून. मला माहीत नसलेली चाल होती. मी फिडल मांडीवर ठेवून नुसती गुणगुणत होते. तीन फेऱ्या झाल्या. सगळे थांबले, आजोबांनी माझ्या गजाकडे बोट दाखवलं आणि चाल पुन्हा सुरू केली, या वेळी संथ, फक्त माझ्यासाठी.

तर तुमची पोल्का तोंडात बसली की मला गाऊन पाठवा. नोटेशन त्याच दिवशी पाठवते.